कम्पॅटिबल लॅपटॉप कीबोर्ड: तालुक्याच्या दुकानात बसवून घ्यावा का?

लॅपटॉपची तीन-चार बटणं चालेनाशी झाली की तालुक्याच्या दुकानात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "भाऊ, कीबोर्ड गेला, नवा टाकावा लागते." मग काउंटरमागून बबल प्लास्टिकात गुंडाळलेला एक कीबोर्ड निघतो. त्यावर लॅपटॉप कंपनीचं नाव नसतं. विचारलं तर "कम्पॅटिबल आहे, चालते" एवढंच कळतं, म्हणजे दुसऱ्याच कुणी त्या लॅपटॉपाच्या मापानं बनवलेला. किंमत साधारण ७०० ते १,५०० रुपये, मजुरी ३०० ते ५०० वेगळी. सेतू केंद्र असो, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक असो, शाळेतले गुरुजी असोत की भरतीचे अर्ज भरणारी पोरं, वॉरंटी संपलेल्या लॅपटॉपात शेवटी हाच माल बसतो. तो घेण्यासारखा आहे का, कुठे फसतो आणि त्याच्याऐवजी दुसरं काय करता येतं, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्या लॅपटॉपात कीबोर्ड सुटा, स्क्रू-खाचांवर बसतो, त्यात कम्पॅटिबल बिनधास्त घ्या, पैसे वसूल होतात. ज्यात तो वरच्या बॉडीला प्लास्टिक वितळवून पक्का केलेला आहे, त्यात आठशेचा कीबोर्ड घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं. आणि सेतू केंद्रासारखं दिवसभर टायपिंगचं काम असेल, तर दोन्ही सोडून ४०० रुपयांचा यूएसबी कीबोर्ड लावा. पण त्याआधी दोष कीबोर्डातच आहे, एवढी तरी खात्री हवी. ही खात्री न करता बदललेले कीबोर्ड काही कमी नाहीत.

आधी दोष कुठे आहे ते पाहा

शेजाऱ्याकडून साधा यूएसबी कीबोर्ड मागून आणा आणि लावा. बिघडलेलं बटण त्यावरही चालत नसेल तर दोष विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे, दुकानात जायची गरजच नाही.

सेटिंगमधले नेहमीचे चोर तीन. पहिला फिल्टर कीज. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिलं की विंडोज ते चालू करायचं का म्हणून विचारतं आणि माणूस घाईत 'येस' दाबून मोकळा होतो. मग बटण हलकं दाबलं तर अक्षर उमटत नाही, दाबून धरलं तरच उमटतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन ते बंद करा. विंडोज १० मध्ये हाच भाग ईझ ऑफ ॲक्सेस या नावाखाली आहे. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर येणारं स्टिकी कीजही तिथेच बंद होतं. दुसरा चोर नम लॉक. वेगळा नंबर पॅड नसलेल्या जुन्या लहान लॅपटॉपात नम लॉक चालू राहिला की 'यू', 'आय', 'ओ' या बटणांतून ४, ५, ६ आणि 'जे', 'के', 'एल' मधून १, २, ३ निघतात. तिसरा म्हणजे भाषेचा लेआउट, कोणत्या बटणावर कोणतं अक्षर ती मांडणी. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं गेलं की इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवरून मराठी फोनेटिकवर (इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायची मांडणी) किंवा इंग्रजीवर उडी बसते आणि "बटणं उलटीसुलटी झाली" अशी तक्रार सुरू होते. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात कोणती भाषा दिसते, एवढं पाहिलं तरी पुरतं.

यूएसबी कीबोर्ड ठणठणीत चालतो आणि लॅपटॉपचा चालत नाही, असं असेल तर एकदा रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केलं तरी अर्धी जुनी अवस्था जपून ठेवली जाते. रीस्टार्टमध्ये ती पुसली जाते. तेवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरची असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण २० ते ३० सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवरची, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य सर्किटवरची, कीबोर्ड वाचणारी चिप कधीकधी अडकून बसते, ती यानं मोकळी होते. फुकटचा उपाय आहे, तरी दुकानात तो सांगायचं बरेचदा राहून जातं.

त्यानंतर विंडोजच्या बाहेरची चाचणी. एचपीचा लॅपटॉप चालू करताना एफ२ दाबत राहिलं की कंपनीचा हार्डवेअर तपासणीचा कार्यक्रम उघडतो, त्यात कीबोर्डची वेगळी चाचणी आहे. डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडायचं. इतर कंपन्यांच्या लॅपटॉपात पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (लॅपटॉपात न टाकता चालणारी, विंडोजऐवजीची प्रणाली) चालवून तिथे टाइप करून पाहता येतं. इथे बटण चाललं तर दोष ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजमधल्या कीबोर्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्ड अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज तो परत लावून घेतं. इथेही मेलेलं असेल तर मग खरंच हार्डवेअर.

आता कोणती बटणं मेली आहेत ते नीट पाहा. विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' एकत्र दाबलं की स्क्रीनवर कीबोर्ड येतो. खरं बटण दाबलं की स्क्रीनवरचं तेच बटण उजळतं. एखादं बटण हात न लावता उजळलेलं दिसलं तर ते खाली अडकलंय किंवा आत शॉर्ट आहे. पासवर्डमधलंच अक्षर मेलं असेल तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, तिथूनही हा कीबोर्ड उघडतो. हे माहीत नसल्यामुळे लोक विंडोज नव्याने टाकून घेतात आणि फोटोसकट सगळा डेटा घालवून बसतात.

एकच बटण मेलं असेल तर बहुतेक कचरा, तुटलेली क्लिप किंवा त्याच्याखालचं रबर. एकमेकांशी काही संबंध नसलेली चार-सहा बटणं एकदम गेली असतील तर कारण वेगळं. लॅपटॉपच्या प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. सगळी बटणं आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीवर बसलेली असतात आणि मदरबोर्डवरची चिप एकेक रेषा तपासत जाते. एक रेषा तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम बंद. हा दोष आतल्या पडद्यात असतो किंवा मदरबोर्डला जाणाऱ्या चपट्या पट्टीत. सगळाच कीबोर्ड गेला असेल तर आधी पट्टीवर संशय घ्या; ती सैल झाली असेल तर पैसे मजुरीचेच, मालाचे नाहीत.

कीबोर्डाची मधली बटणं वर उचललेली दिसत असतील, टचपॅड फुगलेलं किंवा क्लिक न होणारं असेल, तर हात थांबवा. खाली बॅटरी फुगली आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालच्या खोलीत दिवसभर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपात हे होतंच. आधी बॅटरी बदला, कीबोर्डाचं नंतर पाहू. फुगलेली बॅटरी दाबून बसवायला जाऊ नका, टोचली तर पेट घेते.

आत काय असतं आणि आपल्याकडे काय शिरतं

वरून खाली पाहिलं तर बटणाची टोपी, तिच्याखाली कात्रीसारखे अडकवलेले दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे, मग रबराची छोटी टोपी, मग तीन प्लास्टिकचे पडदे आणि शेवटी पत्रा. वरच्या आणि खालच्या पडद्यावर चांदीच्या शाईने रेषा छापलेल्या असतात, मधल्या पडद्याला बटणाच्या जागी भोकं असतात. बटण दाबलं की वरची रेषा भोकातून खालच्या रेषेला टेकते. बस, एवढंच. हे पडदे एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून वरून काहीही ओतलं तरी ते बिघडलेल्या जागेपर्यंत सरळ पोचत नाही. आणि एकदा आत ओल गेली की ती निघतही नाही, चांदीची रेषा काळी पडून तुटते. चहा सांडल्यावर दोन दिवस सगळं चालतं आणि पंधरवड्यानं बटणं जायला लागतात, ते याच्यामुळे.

वर्धा-यवतमाळकडच्या जिनिंगच्या परिसरातले कीबोर्ड उघडले की कात्रीच्या बिजागरीत कापसाचे तंतू गुंडाळलेले सापडतात. हे ब्लोअरनं निघत नाहीत, उलट घट्ट होतात. टोपी काढून चिमट्यानंच ओढावे लागतात. सोयाबीन-तुरीच्या मळणीचा भुसा हलका, तो हवेनं उडतो. भंडारा-गोंदियात राइस मिलजवळ कोंड्याची बारीक भुकटी असते, दमट हवेत ती रबराखाली थापली जाते आणि बटण खाली जातं पण उमटत नाही. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची काळी धूळ. पावसाळ्यात मुंग्या, बिस्किटाचा चुरा असेल तर त्या अंडी घेऊन येतात. अशा वेळी आत कीटकनाशक फवारू नका, त्याचा तेलकट थर पट्टीच्या टोकावर बसतो. लॅपटॉप उघडून ब्रशनं झाडून काढा.

कूलर मात्र या सगळ्यांचा बाप आहे. उन्हाळ्यात लॅपटॉप कूलरच्या थेट समोर ठेवतात, हवेबरोबर बारीक शिंतोडे येतात, पाणी बोअरचं जड. थेंब वाळला की क्षाराचा पांढरा डाग उरतो. बटणांच्या कडेला अशी पांढरी कड दिसली तर आतल्या पडद्यावर काय असेल ते समजून घ्या. टेबल कूलरच्या झोताच्या बाजूला घेतलं तरी कीबोर्डाचं आयुष्य वाढतं, त्याला खर्च काही नाही.

मराठी टायपिंगवाल्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. इन्स्क्रिप्टमध्ये काना 'ई' या बटणावर, पाय मोडायचं चिन्ह 'डी' वर, 'र' हा 'जे' वर आणि 'त' हा 'एल' वर. दाखले, ठराव, अर्ज टाइप करताना या चार बटणांना सगळ्यात जास्त मार बसतो, त्यांच्यावरची अक्षरंही आधी पुसतात. 'डी' मेलं की 'उत्पन्न' हा शब्दच लिहिता येत नाही, मग उत्पन्नाचा दाखला कुठून टाइप होणार? अशा लॅपटॉपात एकदोन बटणं जाण्याचं कारण निव्वळ झीज असतं, साफसफाईनं ते परत येत नाही.

साफ करून भागतं का

एखादंच बटण असेल तर भागतं, आणि इथे २०० रुपयांच्या आत काम होतं. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर. लॅपटॉप उभा तिरका धरून आडव्या रेषेत हवा मारायची. साधा इलेक्ट्रिक ब्लोअर चालतो, पण तोंड वीतभर लांब ठेवा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मात्र नको. त्याच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, नळीतून तेलाचे कणही येतात आणि दाब इतका की टोप्या उडून जातात.

हवेनं झालं नाही तर टोपी काढा. पातळ प्लास्टिकची पट्टी किंवा गिटारची पिक घ्या, स्क्रूड्रायव्हर नको. एका कोपऱ्याखाली घालून हलकेच उचलायचं, 'टक्' असा आवाज आला की तो कोपरा सुटला. कोणत्या बाजूनं उचलायचं हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून आधी 'एफ१०' सारख्या कमी लागणाऱ्या बटणावर करून पाहा. स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस यांच्याखाली लोखंडी बारीक तार असते. ती दोन्ही टोकांना खाचेत असते, सरळ ओढलं तर खाच मोडते आणि मग ते बटण कायमचं लुळं. ही बटणं स्वतः काढू नयेत हेच बरं.

टोपी निघाल्यावर रबर दिसेल. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, लोक नुसतं आयपीए म्हणतात, त्याचे दोन-तीन थेंब मऊ कापडाच्या टोकावर घेऊन रबराच्या कडेनं आणि कात्रीच्या खाचा पुसा. पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. टोपी बसवताना कात्री सपाट पडली पाहिजे, मग वरून बोटानं दाबायचं. रबर फाटलं असेल तर पुसून उपयोग नाही. जुन्या कीबोर्डातलं त्याच मापाचं रबर काढून सिलिकॉनच्या एका थेंबानं कडेला चिकटवता येतं.

आयपीए मिळत नाही म्हणून सॅनिटायझर वापरणारे आहेत. त्यात ग्लिसरीन किंवा जेल असतं, वाळल्यावर बटण आणखी चिकटतं. थिनरनं प्लास्टिक वितळतं. साधा डब्ल्यूडी-४० तेलाचा थर ठेवतो आणि त्यावर महिनाभरात दुप्पट धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून मिळणारा स्प्रे वेगळा, तो उडून जातो.

चहा किंवा पाणी सांडलं तर पहिली कृती पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करणं. चार्जर काढा, लॅपटॉप उघडा ठेवूनच पालथा करा, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड दोन्ही कडांवर टेकून उभे राहतील आणि पाणी मदरबोर्डकडे न जाता बाहेर येईल. तांदळाच्या पोत्यात ठेवू नका, तांदळाचं पीठच आत जातं. मेच्या उन्हातही नको. शक्य तितक्या लवकर दुकानात नेऊन खालचं झाकण उघडून बॅटरीची वायर काढून घ्या. दूध-साखरेचा चहा असेल तर कीबोर्ड गेलाच समजा. वाचवायचा आहे तो मदरबोर्ड.

कम्पॅटिबल माल: कुठे चांगला, कुठे नाही

आता मुख्य प्रश्न. जुन्या डेल इन्स्पिरॉन १५-३५२१ सारख्या लॅपटॉपात कीबोर्ड वरूनच खाचा दाबून निघतो. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलात खालचे एकदोन स्क्रू काढून तो सरकवायचा असतो. अशा लॅपटॉपात काम २० मिनिटांचं, आणि कम्पॅटिबल कीबोर्ड मूळ कीबोर्डाच्या जवळपास जातो. फरक दोन ठिकाणी जाणवतो. बटणाचा दाब थोडा कडक किंवा थोडा पोकळ लागतो, आणि अक्षरांची छपाई हलकी असते, वर्ष-दीड वर्षात पुसायला लागते. न पाहता टाइप करणाऱ्याला त्याचं काही नाही. बाकीच्यांसाठी पन्नास रुपयांचे स्टिकर मिळतात, मराठी अक्षरांचेही.

एचपी १५एस, लेनोवो आयडियापॅड, एसर ॲस्पायर ३ या गटातल्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपात चित्र उलटं आहे. तिथे कीबोर्ड वरच्या बॉडीच्या आतल्या बाजूनं बसवून प्लास्टिकचे बारीक खांब वितळवून पक्का केलेला असतो. कंपनी स्वतः तो सुटा बदलत नाही. बॉडी आणि कीबोर्ड मिळून एकच भाग म्हणून देते. दुकानात याला पामरेस्ट किंवा सी पॅनल म्हणतात. सुटा कम्पॅटिबल टाकायचा तर बॅटरी, मदरबोर्ड, पंखा सगळं बाहेर काढून ते डझनावारी खांब कापावे लागतात आणि नवा कीबोर्ड बसवून उरलेली बुंधं सोल्डरिंगच्या गनने परत वितळवावी लागतात. कारागीर चांगला असेल तरी पूर्वीची पकड येत नाही. मधोमध 'जी', 'एच' दाबलं की पत्रा खाली-वर होतो, स्पेस कधी उमटतो कधी नाही. फेव्हिक्विकनं चिकटवलेले कीबोर्डही पाहायला मिळतात. फेव्हिक्विक भोकातून वर चढलं की दुसऱ्याच दिवशी तिथलं बटण जाम. अशा लॅपटॉपात पूर्ण पामरेस्ट घ्या. साधारण २,५०० ते ४,५०० रुपये लागतात, काम तास-दीड तासाचं, पण बटणं मूळच्यासारखी राहतात. एवढा खर्च नको असेल तर सरळ यूएसबी कीबोर्डावर या. मधला मार्ग इथे नाही.

माल जुळवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. '१५एस' या एकाच नावाखाली कितीतरी वेगवेगळे कीबोर्ड आहेत. जुना कीबोर्ड काढून त्याच्या मागचं लेबल पाहा: लेनोवोचा नंबर बहुधा '५एन२०' किंवा 'एसएन२०' ने सुरू होतो, आसुसचा '०केएनबी०' ने, एसरचा 'एनके' ने, डेलच्या लेबलवर डीपी/एन लिहून पुढे अक्षर-अंकांचा छोटा नंबर असतो. हा नंबर फोटो काढून दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि मगच नागपूर-अमरावतीहून माल मागवायला सांगा. नाहीतर बसनं माल येतो, बसत नाही, परत जातो, आठवडा जातो.

नंबरासोबत आणखी काही गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या. पॉवर बटण कीबोर्डातच, वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे का? तसं असेल आणि नव्यात ते नसेल, किंवा असून चाललं नाही, तर लॅपटॉप चालूच होणार नाही. एंटरचं बटण आडवं लांब आहे की उलट्या 'एल' सारखं मोठं? दुसरं यूके लेआउटचं, आपल्याकडच्या बॉडीत ते बसत नाही. दिव्याचा (बटणांखालून उजेड येणारा) कीबोर्ड असेल तर मोठ्या पट्टीशिवाय आणखी एक अरुंद पट्टी असते. जुन्यात ती नव्हती तर मदरबोर्डवर बहुधा तिची जागाही नसते आणि दिव्याचे जादा पैसे वाया. '४' वर रुपयाचं चिन्ह छापलेलं नसलं तरी काळजी नको, विंडोजमध्ये इंग्रजी इंडिया लेआउट असेल तर उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतंच.

बसवताना कारागिराच्या हाताकडे पाहा. पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. ती न काढता पट्टी ओढणारा कारागीर दिव्याच्या लाइनचा फ्यूज उडवू शकतो. पट्टीचं कुलूप दोन प्रकारचं: एकात काळी झडप नखानं वर उचलायची, दुसऱ्यात दोन्ही टोकांना धरून दीड-दोन मिलिमीटर बाहेर सरकवायची. एकाचं दुसऱ्याला केलं की कुलूप मोडतं, आणि ते मदरबोर्डवरचं असल्यामुळे शंभराचं काम हजारावर जातं. मोडल्यावर चिकटपट्टी लावून पट्टी दाबून देणारे आहेत. ते महिनाभर टिकतं.

खरं तर नवा कीबोर्ड टाकण्याआधी जुनीच पट्टी काढून तिचं टोक मऊ खोडरबरानं हलकं घासून, आयपीएनं पुसून परत सरळ बसवून पाहायला सांगा. सात-आठ बटणं एकदम गेलेली असताना दोष पट्टीच्या टोकात असेल, तर एवढ्यावर काम होतं आणि दुकानदाराला शंभर-दीडशे मजुरी देऊन तुम्ही मोकळे.

स्क्रू लावण्याआधी नवा कीबोर्ड नुसता जोडून तपासा. नोटपॅड उघडा, प्रत्येक बटण, मग दोन्ही शिफ्टसोबत, मग एफएनसोबत. स्पेस डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला असा तीनदा दाबा, कमी दर्जाचा माल इथेच पकडला जातो. स्क्रू लावल्यावर पुन्हा एकदा, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की तो खालून कीबोर्डाला टोचतो आणि एखादं बटण दबलेलं राहतं.

वॉरंटीबद्दल दोन शब्द. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे दुकानातून बाहेर पडेपर्यंतची, तिला काही अर्थ नाही. तीन महिन्यांची बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घ्या, भाग नंबरासकट. ऑनलाइन मागवलात तर शंभर-दोनशे स्वस्त पडेल, पण परत करण्याची मुदत ७ ते १० दिवसांची असते आणि खेड्याच्या पिनकोडला परत न्यायला माणूस येतोच असं नाही.

कंपनीकडे कधी जावं

वॉरंटी चालू असेल तर दुसरा विचारच नको. पाणी सांडलेलं नसेल, टोपी उपटलेली नसेल तर कीबोर्ड वॉरंटीत बदलून मिळतो, आणि पामरेस्टवाल्या मॉडेलात पूर्ण पामरेस्टच मिळतो. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून मुदत पाहा. बॉडीच्या खाली किंवा बॉक्सवर तो असतो. 'ऑनसाइट' लिहिलेलं असलं तरी खेड्यापर्यंत माणूस येईलच हे गृहीत धरू नका. तक्रार नोंदवतानाच पिनकोड सांगून विचारा, तालुक्याला येईल की लॅपटॉप नागपूरला न्यावा लागेल. त्याआधी गावातल्या कुणाकडून उघडून घेऊ नका, स्क्रूवर खुणा दिसल्या की वाद सुरू होतो. वॉरंटी संपल्यावर मात्र कंपनीचा दर जुन्या लॅपटॉपाला परवडत नाही.

यूएसबी कीबोर्ड आणि एक फुकटचा उपाय

वायरचा साधा यूएसबी कीबोर्ड ३०० ते ७०० रुपयांत मिळतो आणि दाखले, पीक विमा, आधार-पॅनची कामं करणाऱ्या केंद्राला तोच योग्य. नंबर पॅड वेगळा असल्यामुळे १२ अंकी आधार नंबर झपाट्यानं टाकला जातो, चहा सांडला तर नुकसान चारशेचं. वायरलेस घेतलात तर सेल संपतो नेमका गर्दीच्या वेळी. खूपच टायपिंग असेल तर टीव्हीएसचा गोल्ड भारत हा मेकॅनिकल स्विचचा कीबोर्ड पाहा. देवनागरी अक्षरं छापूनच येतात, साध्यापेक्षा कितीतरी पट महाग आहे, खटखट आवाजानं शेजारचा वैतागतो, पण झीज सोसतो. यूएसबी कीबोर्ड लॅपटॉपाच्या कीबोर्डावर ठेवून वापरायची सवय मात्र मोडा. खालची बटणं दबून विचित्र अक्षरं उमटतात आणि गरम हवाही अडते.

एकच बटण गेलंय आणि पैसे खर्चायचेच नाहीत, तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये न लागणारं बटण, समजा कॅप्स लॉक, मेलेल्या 'डी' च्या जागी नेमता येतं. आपोआप दबत राहणारं बटण त्यातूनच बंदही करता येतं. त्याची मर्यादा एवढीच की लॉगिनच्या पडद्यावर ते चालत नाही. तिथेही हवं असेल तर शार्पकीज हे दुसरं सॉफ्टवेअर वापरा, ते विंडोजच्या रजिस्ट्रीतच, म्हणजे आतल्या सेटिंगच्या नोंदींतच, बदल करतं आणि एकदा रीस्टार्ट केलं की सगळीकडे लागू होतं. शॉर्ट झालेल्या कीबोर्डात एकामागून एक बटणं आपोआप दबायला लागली तर मग कीबोर्डाची पट्टीच मदरबोर्डवरून काढून ठेवून यूएसबीवर काम चालवा. फक्त पॉवर बटण कीबोर्डात असलेल्या लॅपटॉपात पट्टी काढू नका, चालू करायला काही उरणार नाही.

आणि कीबोर्ड बदललाच, तर जुना दुकानात ठेवून येऊ नका. त्याच्या टोप्या, कात्र्या आणि रबरं पुढे कामाला येतात. सुटी टोपी ऑनलाइन शंभर-दीडशेला मिळते, पण एकाच कीबोर्डात तीन-चार प्रकारच्या कात्र्या असतात आणि फोटो पाहून नेमकी कोणती हे ओळखणं अवघड. नवा कीबोर्ड कम्पॅटिबल असेल तर जुन्या कात्र्या त्यात बसतीलच असं नाही, रबरं मात्र बहुधा बसतात. पत्रा आणि पडदे भंगारवाल्याला द्या, बाकी एका डबीत ठेवा.